वृद्धांचे चालणे व मनाचे समाधान

पिशोर व आसपासच्या गावांत म्हातारा बाप शेताकडे निघाला की, “बाबा, आता तुम्ही बसा,” असे मुलगा म्हणतो. ह्या बोलण्यात प्रेम आहे. तथापि त्यापासून हानी कशी होते, ते पाहू.

१. शरीर. जे अंग वापरात नाही ते क्षीण होते. मांड्यांचे बळ गेले की तोल जातो, पडण्याचे भय वाटते, आणि त्या भयाने मनुष्य अधिकच बसून राहतो.

२. मन. जो चालतो तो शेजाऱ्यास भेटतो, कपाशी कशी आली ते पाहतो, व आपण घरास अद्याप उपयोगी आहो असे त्यास वाटते. खाटेवर हे समाधान कोठून मिळणार?

३. उदाहरण. महर्षी धोंडो केशव कर्वे ह्यांनी १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापिले. ते १०४ वर्षे जगले.

४. प्रमाण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, ६५ वर्षांवरील मनुष्याने आठवड्यात निदान १५० मिनिटे मध्यम श्रम करावे. म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास झपझप चालावे. छातीत दुखल्यास किंवा घेरी आल्यास थांबून डॉक्टरांस दाखवावे.

पोटासाठी भर उन्हात निंदणी करावी लागणे, हे मात्र निराळे. तो भार मुलांनी उचलावा. हलके काम व सकाळची फेरी वडिलांकडे राहू द्यावी.

प्रश्न : आपण आपल्या वडिलांचे ओझे काढून घेतो, की त्यांचे काम?