धानोऱ्यात गळ टाकताना: काय करावे, काय टाळावे

सुट्टीत धानोरा तालुक्यातील तलाव, बोड्या, कठाणी नदी आणि जंगलातील नाल्यांवर हौसेने मासे धरायला येणाऱ्यांसाठी.

काय करावे

• गळ टाकण्यापूर्वी पाणी कोणाचे ते विचारा. तलाव बहुधा ढीवर बांधवांच्या मत्स्य सहकारी संस्थेच्या ठेक्यात असतो.

• संस्थेची परवानगी घ्या, ठरलेले पैसे द्या, पावती खिशात ठेवा. तलावातले रोहू, कतला, मिरगळ संस्थेने विकत आणून सोडलेल्या बीजातून वाढलेले असतात.

• नदी-नाल्यावर बसायचे असेल तर ग्रामसभेला विचारा. २००६ च्या वनहक्क कायद्यात पाण्यातील मासळी हाही गावाचा सामूहिक हक्क आहे.

• मेंढा (लेखा) गावाच्या हद्दीत जाण्याआधी तिथले नियम समजून घ्या आणि जसेच्या तसे पाळा. २००९ मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवलेल्या गावांपैकी हे एक आहे.

• कुठे बसणार, किती जण आहात आणि केव्हा परतणार, हे पोलीस पाटलांना सांगून निघा.

• प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवा आणि वाटेत तपासणी झाली तर शांतपणे सहकार्य करा.

• गावातलाच जाणकार सोबत घ्या आणि त्याची मजुरी आधी ठरवा. कोणत्या डोहाला तळ नाही आणि कोणत्या वाटेने अस्वल येते, ते त्यालाच ठाऊक असते.

• ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात या. तेव्हा पाणी निवळलेले असते आणि माशांची विण्याची वेळ सरलेली असते.

• उजाडल्यावर निघा आणि दिवस मावळण्याआधी गावात परता.

• हत्ती कुठे आहेत याची चौकशी वन विभागाकडे रोज करा, कालच्या माहितीवर विसंबू नका. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून आलेला कळप याच बाजूने गडचिरोली जिल्ह्यात शिरला आणि धान पिकले की हत्ती बांध्यांमध्ये उतरतात.

• एकाच काट्याचा गळ वापरा आणि त्याचा उलटा दात पकडीने दाबून टाका. सोडायचा मासा जबडा न फाटता सुटतो.

• मासा हाताळण्यापूर्वी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जखमेत बुरशी धरते.

• सोडायचा मासा पाण्यात धरून ठेवा आणि त्याने स्वतः शेपटी मारली की मगच हात काढा.

• मरळीसाठी रबरी बेडूक वापरा, ती त्यावर जोरात झडप घालते.

• ठेवायचा मासा डोक्यावर एक ठोसा देऊन लगेच मारा; मरळ आणि वाघूर हवेतही श्वास घेतात, म्हणून पिशवीत तासन्‌तास तडफडत राहतात.

• त्या दिवशीच्या जेवणापुरते ठेवा, बाकीचे सोडा.

• गळाला कासव लागले तर तंगूस तोंडाजवळ कापून, जमल्यास गळ काढून, त्याला तिथेच सोडा. कासव बाळगणे वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

• तुटलेल्या तंगूसचा तुकडा न्‌ तुकडा गोळा करून घरी न्या. टिबुकली, पाणकावळे आणि बगळे त्यात पाय अडकून मरतात. बाकी सगळे विसरलात तरी एवढे विसरू नका.

• पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट आणि घोट्याच्या वर येणारे बूट घाला, अंगाला डासांचे मलम लावा आणि रात्री मच्छरदाणीत झोपा; धानोरा तालुक्यात मलेरियाचा जोर मोठा असतो.

• परतल्यावर महिनाभरात ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना धानोऱ्याला जाऊन आल्याचे सांगा. इथला मलेरिया बहुतेक वेळा मेंदूपर्यंत जाऊ शकणाऱ्या फॅल्सिपेरम जातीचा असतो.

• साप चावला तर चावलेला भाग हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा. नेटवर्क नसेल तर मिळेल त्या गाडीने धानोऱ्याचे ग्रामीण रुग्णालय गाठा.

• वैनगंगेवर जाणार असाल तर गोसेखुर्द धरणाच्या विसर्गाची सूचना पाहून जा; वर आभाळ निरभ्र असतानाही पाणी चढते.

काय टाळावे

• मरळीच्या लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली पालक मासा राखणीला असतो आणि तो गेला की पिल्ले दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

• जून ते ऑगस्ट चढणीचे मासे धरू नका. माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात आणि एका मादीसोबत हजारो पिल्ले जातात.

• एप्रिल-मेमध्ये आटलेल्या नाल्याच्या शेवटच्या डोहात गळ टाकू नका. पुढच्या पावसाळ्याचे बीज तेवढेच उरलेले असते, आणि जनावरेही त्याच पाण्यावर येतात.

• उन्हाळ्यात ‘धरून सोडू’ असेही म्हणू नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सोडल्यावर मरतो.

• विष, कीटकनाशक, ब्लीचिंग पावडर, सुरुंग किंवा बॅटरीचा करंट यांच्या जवळही जाऊ नका. विष आणि स्फोटके १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहेत, आणि तेच पाणी खाली कुणीतरी पिते.

• असे करणारे दिसले तर एकट्याने अडवू नका, ग्रामसभेला कळवा.

• जिवंत बेडूक गळाला लावू नका. धानाच्या बांधीतली कीड तोच खातो.

• दिसणाऱ्या माशाच्या अंगात गळ हिसका देऊन रुतवू नका. निसटलेला मासा जखमेने मरतो.

• बाहेरून आणलेला मासा किंवा उरलेले जिवंत आमिष इथल्या पाण्यात सोडू नका. आफ्रिकन मांगूर असाच पसरला आणि त्याच्या पालनावर २००० पासून देशभर बंदी आहे.

• अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नका; जुन्या तलावांचा गाळ कमरेपर्यंत ओढतो.

• बेशरमाच्या झुडपात हात घालू नका आणि त्याला टेकून बसू नका. साप तिथेच असतात.

• शिंगाड्याच्या वेलांतून गळ ओढू नका. ते कुणाचे तरी पीक आहे.

• बायकांच्या अंघोळीच्या घाटावर बसू नका.

• गावकऱ्यांनी देवाचा म्हणून राखलेल्या डोहाशी चपला घालून जाऊ नका, गळ तर लांबच.

• गाव मिळून मासे धरत असेल तर मध्ये शिरू नका आणि न विचारता फोटो काढू नका.

• काठीसाठी बांबू तोडू नका, गावातून विकत घ्या. २०११ मध्ये मेंढा (लेखा) गावाने बांबू विकण्याचा हक्क झगडून मिळवला आहे.

• मोहफुलांच्या दिवसांत काठावर चूल पेटवू नका. वाळलेल्या पानांवरची ठिणगी अख्खा डोंगर जाळते.

• दारू आणू नका. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि ती इथल्या बायाबापड्यांनी लढून आणली.

• पोलीस मदत केंद्र, जवान किंवा गस्तीचे फोटो काढू नका, ड्रोन तर आणूच नका.

• वाघाचे किंवा अस्वलाचे ताजे ठसे दिसले तर ‘थोडा वेळ बसू’ म्हणू नका, लगेच परत फिरा.

• हत्तीच्या दिशेने एक पाऊलही टाकू नका, फोटोसाठी तर नाहीच.

• चपराळा आणि भामरागड अभयारण्यांत गळ घेऊन जाऊ नका.

• शाळेच्या वेळेत पोरांना गांडुळे काढायला लावू नका.

• माशाचे आतडे आणि खवले घाटावर टाकू नका; पाण्यापासून दूर खड्डा करून पुरा.

• धरलेली मासळी विकू नका. बाजारातली ती जागा ढिवरांच्या पोटाची आहे.

• मासे लागणाऱ्या जागेचा नेमका पत्ता फोटोसोबत टाकू नका. पुढच्या रविवारी तिथे वीस गाड्या उभ्या राहतील.

• बोटात दातासकट रुतलेला गळ उपसू नका. तंगूस कापा, बोट बांधा आणि रुग्णालयात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.