पाणंद रस्त्याखालील नळमोरी : यंत्राचे काम व हाताचे काम

हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे गाव कयाधू नदीच्या परिसरात वसले आहे. तेथील काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. पाणंद रस्त्याने पाण्याची वाट अडली म्हणजे वरच्या अंगाच्या शेतात पाणी तुंबते. हळदीस कंदकूज लागते व सोयाबीन पिवळे पडते. रस्त्याखाली नळमोरी घालणे हा यावर उपाय होय. हे काम पावसाळ्यापूर्वी, जमीन कोरडी असताना उरकावे.

उतार : प्रथम पाणसळीने उतार मोजावा. १०० मीटरला १ मीटर उतार धरल्यास, २.५ मीटर लांबीच्या तीन नळ्यांच्या मोरीत दोन टोकांमध्ये ७.५ सेंटिमीटर फरक यावयास हवा.

खोदाई : चर जेसीबीने खोदावा, परंतु तळाचा शेवटचा १० सेंटिमीटर थर कुदळीने काढावा. यंत्राने तळ अधिक खोल गेल्यास तेथील भरणी मागाहून दबते व नळ्यांचे सांधे उघडतात. काढलेली माती चराच्या काठापासून दीड मीटर दूर टाकावी. दीड मीटरहून खोल चरात बाजूंना आधार दिल्याशिवाय कोणीही उतरू नये. काळ्या मातीची भिंत पूर्वसूचना न देता ढासळते.

नळ्या उचलणे : ६०० मिलिमीटर व्यासाची २.५ मीटर लांबीची जाड सिमेंट नळी सुमारे १ टन भरते. पुष्कळ लहान लोडरांना एवढे वजन पेलत नाही. म्हणून यंत्रावरील क्षमतेची पाटी आधी वाचावी. काटे जोडलेल्या लोडरने नळी जमिनीलगत धरूनच न्यावी. चरात सोडताना रुंद पट्टा वापरावा. लोंबत्या नळीखाली कोणीही उभे राहू नये.

बसविणे व भरणी : तळाशी १५ सेंटिमीटर मुरूम दाबून घ्यावा. नळ्या खालच्या टोकाकडून वर बसवाव्यात व त्यांचे रुंद तोंड वरच्या अंगास ठेवावे. भरणी दोन्ही बाजूंनी समान, १५ सेंटिमीटरच्या थरांनी करून प्रत्येक थर धुमसाने चोपावा. नळीवर पुरेशी भरणी होण्यापूर्वी तिच्यावरून यंत्र नेऊ नये.

मोरीचे पाणी शेजाऱ्याच्या शेतात न शिरता ओढ्यास मिळेल, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आरंभीच पाहावे. खालच्या तोंडाशी दगडी फरस करावी व प्रत्येक पावसाळ्यापूर्वी गाळ काढावा. यंत्र वेळ वाचविते. मोरी मात्र टिकते ती उतार, तळ व भरणी यांच्या काळजीने.