विदर्भाचा संघ : नाव आणि लौकिक

एखादा संघ अमुक गावाचा वा अमुक प्रांताचा, असे आपण म्हणतो ते कशावरून? अमेरिकेत ग्रीन बे नावाचे सुमारे एक लाख वस्तीचे नगर आहे. तेथे १९१९ साली फुटबॉलचा एक संघ उभा राहिला. मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीने पोशाखास पैसे दिले, म्हणून संघास 'पॅकर्स' हे नाव पडले. पुढे तो व्यवसायी झाला, तरी त्याची मालकी एका धनिकाकडे गेली नाही. त्याचे भाग सामान्य लोकांनी घेतलेले आहेत. तेथे संघाचे नाते भागपत्रावर लिहिलेले आहे. आमच्या क्रिकेट संघाशी आम्हां वऱ्हाडकरांचे नाते कशावर लिहिलेले आहे?

१९३४ मध्ये रणजी करंडकाचे सामने सुरू झाले, तेव्हा आमच्या भागाचा संघ 'मध्यप्रांत व वऱ्हाड' ह्या नावाने खेळे. १९५६ च्या प्रांतरचनेनंतर, १९५७-५८ च्या हंगामापासून 'विदर्भ' हा निराळा संघ खेळू लागला. राज्य एक, परंतु महाराष्ट्रातून मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन संघ उतरतात. विदर्भ हे नाव तर दमयंती-रुक्मिणीच्या कथांइतके जुने. रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध असलेले कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यातच आहे.

नाव वारशाने मिळाले. लौकिक मात्र मिळवावा लागला. साठ वर्षांत एकदाही ह्या संघास अंतिम सामना पाहावयास मिळाला नाही. २०११ साली उमेश यादव कसोटी सामना खेळला, तेव्हा विदर्भाचा तो पहिलाच कसोटीवीर ठरला. अखेर १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे फैज फजल ह्याच्या नेतृत्वाखाली विदर्भाने दिल्लीस नऊ गडी राखून हरविले. रजनीश गुरबानी ह्याने त्या सामन्यात लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळी घेतले. अकोल्याचा तरुण गोलंदाज आदित्य ठाकरे ह्याचा तर तो पहिलाच प्रथमश्रेणी सामना! पुढील वर्षी सौराष्ट्रास ७८ धावांनी हरवून करंडक राखला. मार्च २०२५ मध्ये केरळाविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहिला. परंतु पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसरे विजेतेपद लाभले.

कोणी म्हणेल, ह्यात परक्यांचा हात मोठा. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित व फलंदाज वसीम जाफर मुंबईचे. २०२५ च्या अंतिम सामन्यात ८६ व १३५ धावा काढणारा करुण नायर कर्नाटकाचा. हे खरे आहे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. परगावचे गुरुजी शिकवावयास आले म्हणून शाळा परकी होत नाही. शिकणारी मुले गावची नसतील तरच ती परकी. त्याच अंतिम सामन्यात १५३ धावा काढणारा दानिश मालेवार आणि त्या हंगामात ६९ बळी घेणारा हर्ष दुबे हे विदर्भाचेच होत. अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा ह्याच संघातून खेळत २०२३ साली भारताच्या संघात गेला.

आमच्याजवळ भागपत्रे नाहीत. आमचे नाते अकोल्याच्या व अमरावतीच्या मैदानांवर भल्या पहाटे सराव करणाऱ्या मुलांनी लिहिलेले आहे. ती मैदाने ओस पडली, तर नाव राहील, नाते राहणार नाही. पालकांनी व विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे, हीच आमची विनंती.