पाण्याचा पोशाख

पौषातील पहाटे माजलगावच्या धरणावर धुके पसरलेले असते. सिंदफणेच्या त्या विस्तीर्ण जलाशयात मासेमार आपल्या होड्या लोटतात. पुढे ऊन वर येते, वल्ही मारून अंग तापते आणि अंगावरचे कपडे नकोसे होतात. परंतु ऊन वाढले, तरी पाणी गारच असते. होडीत बसणाऱ्याने हे विसरू नये.

आपल्या शरीराचे तापमान सुमारे 37 अंश सेल्सिअस असते. स्थिर हवेच्या मानाने पाण्यातून उष्णता सुमारे 24 पट सुलभतेने वाहते. म्हणून ज्या गारव्याने काठावरच्या माणसास केवळ शिरशिरी येते, तोच गारवा पाण्यात पडलेल्याची ऊब झपाट्याने हिरावून घेतो. फार गार पाण्यात पडताच श्वास एकाएकी आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी छातीत शिरते. काही मिनिटांतच बोटे बधिर होतात आणि पट्टीच्या पोहणाऱ्याचेही हात चालेनासे होतात. आपल्याकडील पाणी हिमालयातील नद्यांइतके गार नसते. तरी हिवाळ्यात ते शरीराहून पुष्कळच गार असते.

मग अंगात काय घालावे? सुती कापड पाणी शोषते, अंगास चिकटते आणि ऊब राखीत नाही. लोकर भिजली, तरी तिच्या तंतूंत थोडी हवा उरते व ती ऊब राखते. म्हणून अंगालगत लोकरीची घट्ट बंडी, तिच्यावर वारा व पाणी अडविणारा सदरा आणि डोक्यास कानटोपी असावी. घोंगडी उबदार खरी. पण भिजली की ती जड होते व हातापायांत गुंतते. तिची जागा काठावर, कोरड्या कपड्यांच्या गाठोड्यात! सर्वांवर बंद आवळून जीवरक्षक जाकीट घालावे. हात थकले, तरी ते माणसास तरंगत ठेवते.

उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक होडीच्या तोंडाशी घट्ट बांधता येणारा, सीलच्या कातड्याचा अंगरखा घालीत. 1952 च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने बुडबुड्यांनी भरलेल्या कृत्रिम रबराचा पोशाख योजिला. साधने निराळी, तत्त्व एकच : गार पाणी आणि कातडी ह्यांच्यामध्ये ऊब राखणारा थर हवा.

आपली होडी उलटेल, असे निघताना कोणासच वाटत नाही. म्हणूनच शहाण्याने आकाशातले ऊन पाहून नव्हे, तर होडीखालचे पाणी पाहून पोशाख करावा.

स्वाध्याय
1. भिजलेली लोकर ऊब का राखते?
2. घोंगडी पांघरून होडीत का बसू नये?