माल ओळखून माध्यम निवडावे : बालाघाट जिल्ह्यातील उत्पादकांसाठी

बालाघाट जिल्ह्यातील चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. तथापि मानांकन मिळाले म्हणून गिऱ्हाईक आपोआप दाराशी येत नाही. चिन्नोर हे उशिरा तयार होणारे व एकरी कमी उतरणारे धान आहे. त्यास चढा भाव न मिळाल्यास शेतकरी अधिक उताऱ्याच्या वाणाकडे वळतो; गेल्या काही दशकांत तसे घडलेही आहे. यास्तव गिऱ्हाइकांपर्यंत थेट पोहोचविणाऱ्या समाजमाध्यमांचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

परंतु व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब अशी सर्वच खाती एकदम उघडणे हिताचे नाही. चौकशीस आठ-आठ दिवस उत्तर न देणारे खाते हे बंद दुकानापेक्षाही वाईट होय. एकच माध्यम निवडावे, फार तर दोन. आणि ती निवड मालाच्या गुणावरून करावी.

चिन्नोरचा मुख्य गुण त्याचा सुवास, आणि सुवास चित्रात दिसत नाही. छायाचित्रातील चिन्नोर व अन्य एखादा बारीक तांदूळ यांतील भेद सामान्य माणसास कळणे कठीण. म्हणून पहिला किलो आठवडी बाजारात, प्रदर्शनात किंवा पाहुण्याच्या ताटात खीर म्हणूनच खपावयाचा. दुसरा किलो खपविण्याचे काम मात्र व्हॉट्सॲप उत्तम करते. भारतात २०१८ पासून उपलब्ध असलेल्या व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये मालाची चित्रे व भाव यांची यादी विनामूल्य मांडता येते. नव्या मालाची वार्ता कळविण्यासाठी समूहाऐवजी प्रसारण-यादी वापरावी. समूहात प्रत्येकाचा क्रमांक इतरांस दिसतो व ते पुष्कळांस, विशेषतः भगिनींस, रुचत नाही. मात्र प्रसारण-यादीतील निरोप ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणून क्रमांक पिशवीवर ठळक छापावा व विक्रीच्या वेळीच तो जतन करण्याची विनंती करावी. १९५६ पर्यंत नागपूर ही आपल्या प्रांताची राजधानी होती, आणि बालाघाटचे सोयरेधायरे आजही गोंदिया-नागपुराकडे आहेत. पहिली यादी त्यांच्यापासूनच तयार होईल. निरोप हिंदीबरोबर मराठीतही पाठवावा.

वारासिवनीच्या हातमाग साडीची गोष्ट निराळी. ती डोळ्यांनीच पसंत केली जाते. तिच्यासाठी इन्स्टाग्राम योग्य. छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे, पदर व काठ जवळून दाखवावेत, आणि भाव स्पष्ट लिहावा. भाव लपविल्याने उत्सुकता वाढते हा समज चुकीचा आहे. कान्हाच्या मुक्की प्रवेशद्वाराजवळ निवास-भोजनाची सोय करणाऱ्यांनी तर समाजमाध्यमापूर्वी गूगलच्या नकाशावर आपली नोंद करावी, कारण प्रवासी प्रथम तेथेच शोध घेतो.

माध्यम आपल्या मालकीचे नसते, याचेही भान असावे. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा केवळ त्यावरच विसंबलेल्यांचा प्रेक्षकवर्ग एका दिवसात नाहीसा झाला. गिऱ्हाइकांची नावे व क्रमांक वहीत वेगळे लिहून ठेवावेत.

पाकीटबंद तांदूळ विकताना अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक छापणे आवश्यक आहे. मानांकनाचे चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यांनीच वापरावे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही लागत नाही. तो मागणारा गिऱ्हाईक नव्हे, ठक समजावा. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

नवे धान विक्रीस आल्यापासून होळीपर्यंत प्रत्येक नव्या गिऱ्हाइकास “आमचे नाव कोठे कळले?” असे विचारून उत्तर वहीत मांडावे. ज्या माध्यमाच्या नावापुढे काहीच नोंद झाली नसेल, त्यावरील खाते पुढील हंगामापूर्वी बंद करावे.