माशाचा तोल आणि मज्जारज्जूंतील वाट

मृगाचा पहिला पाऊस कोसळला कीं काळू नदीस लाल पूर येतो आणि वलगणीचे मासे ओढ्यांतून थेट भातखाचरांपर्यंत चढतात, हें मुरबाडच्या मुलांस सांगावयास नको. परंतु त्या गढूळ पाण्यांत वर कोणतें व खालीं कोणतें, हें माशास कसें कळतें? डोळ्यांचा तेथें फारसा उपयोग नाहीं. पाय टेकावयास भूमि नाहीं. तरीहि मासा पाठ वर व पोट खालीं ठेवूनच पोहतो. त्याचें कारण आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

माशास बाहेरून कान दिसत नाहीं. पण कवटीच्या आंत दोन्ही बाजूंस तो असतोच. त्यांत द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर वळलें कीं नलिका वळतात, पण आंतील द्रव क्षणभर मागें राहतो व त्याच्या रेट्यानें सूक्ष्म केस वांकतात. शेजारच्या पिशव्यांत चुन्याचे खडे असतात. ते सदैव भूमीकडे ओढले जात असल्यानें शरीर कोठें कललें तें कळतें. घोळ माशाच्या डोक्यांत असा पांढरा खडा सहज सांपडतो. पालकांनीं तो मुलांस अवश्य दाखवावा. आपल्या कानांतहि अशाच तीन नलिका आहेत. फुगडी थांबल्यावरहि त्यांतील द्रव कांहीं क्षण फिरत राहतो, म्हणून घर फिरल्यासारखें वाटतें.

या खबरेचें पुढें काय होतें, हें लँप्रे नांवाच्या अतिप्राचीन जातीच्या माशांत उत्तम दिसतें. यांचे सुमारें ३६ कोटी वर्षांपूर्वींचे अवशेष सांपडले आहेत. लँप्रे आपल्याकडे मिळत नाहीं. दिसावयास तो वामीसारखा. पण वामीस जबडा असतो, लँप्रेस नसतो. त्यास जोडीचे पर नाहींत व प्रत्येक कानांत नलिकाहि दोनच. त्यामुळें तोल सांभाळण्याचें काम त्याच्या मज्जातंतूंस अखंड करावें लागतें.

कानांतून निघालेले मज्जातंतु मेंदूच्या मागील भागांतील केंद्रांत शिरतात. तेथून निरोप जवळच्या मोठ्या पेशींस पोंचतो, आणि त्या पेशींचे लांब तंतु मज्जारज्जूंतून शेपटीकडे उतरतात. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेंत तात्याना डेलियागिना, ग्रिगोरी ओर्लोव्हस्की व स्टेन ग्रिलनर यांनीं या मार्गाचा कसून अभ्यास केला. मासा उजवीकडे कलला कीं डाव्या बाजूच्या पेशी चेततात व शरीर डावीकडे वळवितात; डावीकडे कलला तर याच्या उलट. एका जुवाचे दोन बैल सारखे ओढूं लागले म्हणजे गाडी सरळ चालते, तसेंच हें. एका बाजूचा कान निकामी केल्यास मासा त्याच बाजूस गडगडा लोळूं लागतो.

मनुष्यांतहि मूळ योजना हीच. ऑटो डायटर्स (१८३४–१८६३) या जर्मन शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांतून तंतु मज्जारज्जूंत उतरतात. आपण अडखळलों असतां विचार करण्यापूर्वींच पाय ताठ होऊन आपणांस सांवरतात, तें त्यांच्यामुळें. पण एक मोठा भेद आहे. लँप्रेचा मज्जारज्जु तुटला तरी तंतु पुन्हां वाढतात व सुमारें १० ते १२ आठवड्यांत तो पोहूं लागतो. मनुष्याचे तुटलेले तंतु असे सांधत नाहींत. हा भेद कां, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत.

तोंवर आपलें कर्तव्य स्पष्ट आहे. झाडावरून वा छपरावरून कोणी पडला व पाठीस अथवा मानेस मार लागला असेल, तर त्यास हातापायांस धरून उचलूं नये, उठवून बसवूं नये व झोळींत घालूं नये. मदत येईपर्यंत त्यास स्थिर ठेवावें. हलविणें भागच पडल्यास अनेकांनीं मिळून डोकें, मान व पाठ एका रेषेंत राखून सपाट फळीवर घ्यावें. आंतील नाजूक वाट अद्याप शाबूत असेल, तर ती आपल्याच हातून तुटूं नये.