रचलेल्या भाषा आणि बदलाचा नियम

काही वर्षांपूर्वी वसतिगृहातील सायंकाळच्या अभ्यासिकेत आठवीतील एका विद्यार्थ्याची वही माझ्या हाती आली. वहीच्या मागच्या पानांवर अनोळखी शब्दांची लांबलचक यादी होती व प्रत्येक शब्दासमोर त्याचा मराठी अर्थ लिहिलेला होता. विचारले असता तो भीत भीत म्हणाला, "सर, मी माझी भाषा बनवत आहे. 'बाहुबली'त आहे ना, तशी." हा वेळेचा अपव्यय आहे, असे समजून मी ती वही काढून घेतली. आठवडाभराने ती परत केली, तेव्हा माझे मत बदललेले होते. त्या आठवड्यात मी जे वाचले व त्यातून जे शिकलो, ते माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

भाषा रचण्याचा उद्योग नवा नाही. बाराव्या शतकात जर्मनीतील हिल्डेगार्ड या मठवासी विदुषीने सुमारे एक हजार नव्या शब्दांचा संग्रह केला होता. 1887 साली झामेनहोफ यांनी 'एस्पेरांतो' प्रसिद्ध केली. बियालिस्तोक या बहुभाषिक गावात ते वाढले होते. माणसामाणसांतील वैर समान भाषेमुळे कमी होईल, अशी त्यांची धारणा होती. एस्पेरांतोत प्रत्येक नाम 'ओ'ने व प्रत्येक विशेषण 'आ'ने संपते. शिकणाऱ्यास सोपे जावे, हा त्यामागील हेतू. आपल्याकडे 2015 साली 'बाहुबली' चित्रपटातील कालकेय टोळीसाठी मदन कार्की यांनी 'किलिकी' भाषा रचली. तिच्यात 'मिन' म्हणजे मी, तर तोच शब्द उलटा केला की 'निम' म्हणजे तू. योजना चतुर आहे. परंतु बोलीतून वाढलेल्या भाषेत असे सहसा घडत नाही.

या छंदाची आणखी एक शाखा आहे. रचलेली भाषा खरीच कोणा समाजाने शतकानुशतके बोललेली वाटावी, असा या शाखेतील छंदिष्टांचा प्रयत्न असतो. जे. आर. आर. टॉल्किन (जन्म 1892) हे तिचे सर्वांत प्रसिद्ध नाव. लहानपणी मावसबहिणींच्या खेळातील भाषेपासून त्यांना हा नाद लागला. पुढे ते ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचे प्राध्यापक झाले. 1931 साली त्यांनी आपल्या या छंदावर व्याख्यान दिले आणि त्याला 'गुप्त व्यसन' म्हटले. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी 1954-55 मध्ये आली. पण तिच्यातील भाषांची सुरुवात त्यापूर्वी चार दशके झाली होती. आपण कथा लिहिल्या त्या भाषांना जग मिळावे म्हणून, असे ते सांगत.

टॉल्किन यांनी आधी एक प्राचीन मूळ भाषा कल्पिली. तिच्यापासून ठरावीक ध्वनिनियमांनी दोन लेकी निर्माण केल्या. फिनिश भाषेच्या ओढीतून 'क्वेन्या' आली आणि वेल्श भाषेच्या ओढीतून 'सिंदारिन'. माणसाला क्वेन्यात 'अतन' म्हणतात, तर सिंदारिनमध्ये 'अदन'. दोन स्वरांमधला 'त' मृदू होऊन 'द' झाला. 'अदन'चे अनेकवचन मात्र 'एदाइन' होते. एकेकाळी शब्दाच्या शेवटी 'इ' होता. त्याने आधीचे स्वर बदलले आणि तो स्वतः लोपला. आज जो अपवाद दिसतो, तो एका जुन्या नियमाचा अवशेष आहे. इंग्रजीतील 'मॅन' व 'मेन' ही जोडी अशाच क्रियेतून घडली.

आपल्या मराठीतही हेच आहे. 'वट'चा वड झाला, 'कीट'ची कीड झाली, 'घोटक'चा घोडा झाला. दोन स्वरांमधला 'ट' मृदू झाला. 'जातो' म्हणतो, मग 'जाला' न म्हणता 'गेला' का? कारण 'जातो' हे 'या' धातूपासून आले, तर 'गेला' हे 'गम्' धातूपासून.

आमच्या विद्यार्थ्यांना वंदनेतून पाली परिचित आहे. संस्कृतातील 'धर्म' तेथे 'धम्म' होतो. दोन भिन्न व्यंजने शेजारी आली की ती एकरूप होतात. पाली ही मराठीची थेट जननी नव्हे. परंतु जिच्यापासून मराठी आली त्या महाराष्ट्री प्राकृतातही हाच नियम चालतो. पुढे मराठीत जोडव्यंजनातील एक व्यंजन गळाले व आधीचा स्वर दीर्घ झाला. कर्म, कम्म, काम. सप्त, सत्त, सात. हस्त, हत्थ, हात. दुग्ध, दुद्ध, दूध. या साखळीची कोणतीही कडी पूर्वीच्या कडीचे बिघडलेले रूप नव्हे. प्रत्येक कडी आपल्या काळी पूर्ण भाषा होती आणि तिच्यातून उत्तम विचार मांडला गेला.

वही परत करताना मी त्या विद्यार्थ्यास हे सर्व समजावून सांगितले. तुझ्या भाषेलाही एक आजी दे, एक नियम लाव आणि शब्द कसे बदलतात ते पाहा, असे सुचविले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, आमच्या घरी डोळ्याला डोया म्हणतात, काळ्याला काया, केळीला केयी. हाही नियमच झाला ना? मग माझ्या निबंधात तुम्ही 'डोया'वर लाल रेघ का मारली?"

तीस वर्षांच्या अध्यापनात इतका सरळ प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला असेल. वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' होतो, तो असा नियमानेच. टॉल्किनसारखे विद्वान वर्षानुवर्षे खपून जे साधू पाहत होते, ते हे मूल घरून घेऊन आले होते. आणि मी ते शाईने खोडत होतो. मी त्याला म्हटले, "परीक्षेत डोळाच लिही. प्रमाण लेखन हा सर्वांच्या सोयीचा करार आहे. पण डोया चूक नाही. चूक माझ्या शेऱ्यात होती. मी 'अशुद्ध' लिहायला नको होते." त्या दिवसापासून मी वह्यांवर तो शब्द लिहिलेला नाही. त्याऐवजी समासात 'घरचा शब्द' असे लिहितो व शेजारी प्रमाण रूप देतो.

ज्यांना हा छंद करून पाहावयाचा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात रीत देतो. प्रथम मोजके ध्वनी निवडावेत. त्यांतून पन्नास मूळ शब्द करावेत. मग दोन-तीन ध्वनिनियम ठरवून ते सर्व शब्दांना क्रमाने लावावेत. आवडत्या शब्दाला सूट देऊ नये. क्रम उलटा केला तर निष्पत्ती वेगळी येते, हेही पडताळावे. शेवटी त्या भाषेत चार वाक्ये लिहावीत.

पालकांना मात्र वेगळी विनंती आहे. आपल्या घरातील वृद्धांच्या बोलण्यातील वीस शब्द पाल्याकडून लिहून घ्यावेत आणि शेजारी प्रमाण मराठी शब्द लिहावयास सांगावे. दोन रकान्यांमधला नियम मूल स्वतःच शोधील. आजीचे बोलणे ऐकून जे मूल आजवर मान खाली घालत होते, तेच उद्या वही घेऊन तिच्याजवळ बसेल.